उभ्या झाडांचा पंचनामा

शनिवार, ८ जानेवारी २००५. संध्याकाळचे सात वाजलेत आणि सूर्य मावळून तीन तास उलटून गेलेत. तुम्ही स्वीडनच्या दक्षिणेला, स्मोलांड प्रांतात, जंगलाला लागून असलेल्या एका घराच्या स्वयंपाकघरात आहात. चूल लाकडावरची आहे, हे आज बरं पडणार आहे. टेबलावरचं वर्तमानपत्र अजून त्सुनामीचंच आहे. तेरा दिवसांपूर्वी, नाताळच्या सुटीत आशियाच्या किनाऱ्यांवर गेलेली किती माणसं परत येणार नाहीत, हा हिशेब या देशात अजून चालू आहे. तुम्हाला उत्तर ठाऊक आहे: ५४३. पण तुम्ही पुढच्या काळातून आलेले पाहुणे. गप्प बसायचं.

दिवे एकदा मिचकावतात. दुसऱ्यांदा जातात ते जातातच.

बाहेर जे चाललंय त्याला वारा म्हणवत नाही. माडाच्या वाडीत वारा घुसला की आवाज वरून येतो, झावळ्यांचा, समुद्रासारखा. इथे तो खालून येतो. आधी करकर, मग जमिनीतून काहीतरी उपटल्यासारखा दबका धक्का. कपाटातल्या बश्या किणकिणतात. घरमालक साठी ओलांडलेले आहेत. ते खिडकीपाशी उभे राहून धक्के मोजताहेत. वीसपर्यंत मोजतात आणि सोडून देतात.

या वादळाला नाव मिळालंय गुद्रुन. जवळच्या वेक्शो शहरात वाऱ्याचा झोत सेकंदाला ३३ मीटर, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या घरात. दक्षिणेच्या हानो बेटावर ४२ मीटर. एरवी जानेवारीत इथली जमीन गोठून दगड झालेली असते आणि मुळांना घट्ट धरून ठेवते. यंदा हिवाळा ऊबदार गेला. जमीन ओली, भुसभुशीत. त्यात इथलं झाड म्हणजे स्प्रूस: सरळ, उंच, हिवाळ्यातही सुया न टाकणारं, आणि मुळं खोल न जाता ताटासारखी पसरलेली. अंगावर शीड आणि पायात काही नाही. असं झाड अशा जमिनीत अशा रात्री उभं राहील कसं?

पहाटे तुम्हाला झोप लागते. जाग येते ती शांततेने.

साडेआठला उजाडतं. मालक तुम्हाला घेऊन बाहेर पडतात आणि पायरीवरच थांबतात. समोर शेजाऱ्याचं घर दिसतंय. काल ते इथून दिसत नव्हतं. तीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. मधलं सगळं जंगल एका अंगावर निजलंय, बुंधे बहुतेक एकाच दिशेला. जिथे बुंधा संपतो तिथे मुळांचं ताट उभं राहिलंय, माणसापेक्षा उंच. त्यात अडकलेले दगड, मातीची ढेकळं, तुटलेल्या मुळांच्या पांढऱ्या टोकांतून गळणारं पाणी. खाली खड्डा, खड्ड्यात पाणी भरू लागलंय. चिकाचा वास इतका दाट आहे की घशात बसतो.

जवळ जाऊ नका. मालक हात आडवा धरतात. आडवा पडलेला बुंधा करवतीने मधोमध कापला की वजन सुटतं आणि मुळांचं ताट दारासारखं धाडकन आपल्या खड्ड्यात मिटतं. मध्ये माणूस असला तरी मिटतं. वादळाच्या रात्री स्वीडनमध्ये सात माणसं गेली. पुढच्या महिन्यांत पडलेली झाडं काढताना गेली ती त्याहून जास्त.

“ही माझ्या आजोबांनी लावलेली,” मालक म्हणतात. दक्षिण स्वीडनमधलं बरंचसं जंगल असंच घरगुती आहे, पिढीजात. लावतो एक आणि कापतो त्याचा नातू. इथे मुदत ठेव हीच. ती एका रात्रीत मोडली, आणि सगळ्यांची एकदमच मोडली. सुमारे साडेसात कोटी घनमीटर लाकूड आडवं झालं: सगळा देश मिळून वर्षभरात जितकं कापतो, जवळपास तितकं.

मग ते तो प्रश्न विचारतात, जो प्रत्येक वादळानंतर प्रत्येक गावात विचारला जातो. किती पडलं? आणि कुठे कुठे?

प्रश्न निव्वळ भरपाईचा नाही. मे महिन्यात ऊन तापलं की सालीखाली राहणारा भुंगेरा उडू लागतो. पडलेलं, रस न आटलेलं स्प्रूस म्हणजे त्याला आयतं बाळंतघर. तिथे वाढलेली पिढी मग उभ्या झाडांवर जाते. म्हणजे उन्हाळ्याच्या आत लाकूड बाहेर काढायला हवं, आणि काढायचं तर ते कुठे पडलंय हे कळायला हवं. रस्ते बंद, फोन मुके, लाखो घरांत वीज नाही. विमानांतून, हेलिकॉप्टरांतून पाहणी सुरू होते. पण दिवस सात तासांचा, आणि त्यातही ढग.

आता वर बघा. ढगच दिसतात ना? त्यांच्या वर, जवळजवळ आठशे किलोमीटरवरून, या क्षणी युरोपचे दोन रडार उपग्रह फिरताहेत, ईआरएस-२ आणि एन्व्हिसॅट. त्यांना ढग आडवे येत नाहीत, रात्रही नाही. ते उजेड येण्याची वाट बघत नाहीत. स्वतःच लहरी सोडतात आणि परत आलेला प्रतिसाद ऐकतात. उपग्रह “बघतो” असं आपण म्हणतो खरं, पण रडारचं काम फणस वाजवून पाहण्यासारखं आहे. टिचकी मारायची आणि नाद ऐकायचा.

अडचण टिचकीची आहे. या दोघांची लहर साडेपाच सेंटीमीटरची, बोटाच्या दोन पेरांएवढी. लहरीला आपल्याएवढ्या वस्तू जाणवतात. दोन पेरांच्या लहरीला सुया आणि डहाळ्या जाणवतात. ती झाडाच्या डोक्यावरच टपटप करते आणि तिथूनच परत फिरते. झाड उभं आहे की निजलंय, दोन्हीकडे डहाळ्या आहेतच. शिवाय त्याच जागेचं त्याच कोनातून दुसरं चित्र मिळायला ३५ दिवस. खोडापर्यंत पोचायचं तर लहर लांब हवी, वीतभर तरी. वीतभर लहरीचा जपानी उपग्रह जेर्स-१ ऑक्टोबर १९९८ मध्ये बंद पडलाय. त्याचा वारस आलोस २४ जानेवारी २००६ ला उडणार आहे. गुद्रुन आली ती नेमकी या सव्वासात वर्षांच्या खिंडीतून.

मालकांना हे सांगून उपयोग नाही. त्यांनी करवतीला तेल घालायला घेतलंय.

तुम्ही पाच वर्षं मागे या. डिसेंबर १९९९ मध्येही दक्षिण स्वीडनला एका वादळाने झोडपलंय आणि त्यानंतर इथल्या जंगलावरून एक विचित्र विमान गेलंय. नाकाडातून दोन लांबलचक दांडे पुढे निघालेत, झिंग्याच्या मिशांसारखे. त्या मिशा म्हणजे अँटेना. स्वीडनच्या संरक्षण संशोधकांनी बनवलेलं हे काराबास रडार. त्याची लहर तीन मीटरपासून पंधरा मीटरपर्यंत: दोन पुरुष उंचीपासून थेट माडाच्या उंचीपर्यंत. एवढ्या लहरीला सुया, डहाळ्या, फांद्या खिजगणतीतच नाहीत. तिला जाणवतं फक्त खोड. उभं खोड आणि जमीन यांचा काटकोन होतो, त्यात आपटून ती परत येते. खोड आडवं झालं आणि विमानाला त्याची पूर्ण बाजू मिळाली, तर प्रतिसाद आणखी जोरदार. २००२ साली या मोजणीचा निबंध छापून आला: पडलेलं जंगल उभ्यापेक्षा उजळ दिसतं. पण विमान ज्या दिशेने उडतं आणि झाडं ज्या दिशेने पडतात, त्यांचं गणित जुळावं लागतं.

थोडक्यात, गुद्रुनच्या आधीच ही विद्या स्वीडनच्या हातात होती. पण एक विमान ते एक विमान. आणि एका जिल्ह्यापुरतं हत्यार सगळ्या प्रांताला पुरत नाही.

२००६ च्या उन्हाळ्यात घटकाभर थांबा. युंगबीजवळ ब्यूहोल्मा नावाच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर गुद्रुनने पाडलेल्या लाकडाची गंजी रचलीय, अडीच किलोमीटर लांब आणि तीन-चार मजले उंच, दहा लाख घनमीटरच्या आसपास. वरून सतत पाण्याचे फवारे, म्हणजे भुंगेरा लागत नाही आणि लाकूड तडकत नाही. जगातली सर्वांत मोठी लाकडाची गंजी म्हणून लोक बघायला येतात. तुम्हाला मात्र इथे एकच हिशेब सुचेल: हे सगळं मिळूनही त्या रात्रीच्या लाकडाचा सत्तर-पंच्याहत्तरावा भागच आहे.

पुढचा मुक्काम २००९ चा शरद, स्वीडनच्याच वेस्तेर्योतलांड प्रांतातलं रेमनिंग्स्तोर्प. संशोधकांचं हे नेहमीचं जंगल, इथल्या झाडांची मोजमापं वर्षानुवर्षं ठेवलेली. तुमच्या डोळ्यांदेखत ते धडधाकट झाडं पाडताहेत आणि उचलून न नेता तशीच टाकून देताहेत. खोटं वादळ! हसू नका. खऱ्या वादळात पंचाईत ही असते की आधी काय होतं हे कोणी नीट टिपलेलं नसतं. इथे प्रत्येक बुंधा माहीत आहे, पाडण्याची वेळ माहीत आहे, आणि वरून वेगवेगळ्या लांबीच्या लहरींचे उपग्रह जाणार आहेत: पेरभर, दोन पेरं, वीतभर. पेरभर लहर खोडापर्यंत पोचत नाही, पण चित्र इतकं बारीक काढते की उभ्या जंगलाच्या कडेची सावली उमटते. रडार तिरकं बघतं म्हणून ही सावली, उन्हाचा तिच्याशी संबंध नाही. कडेची झाडं पडली की ती सावली सरकते. बॅटरीच्या उजेडात भिंतीवरची सावली हलावी तशी.

मला या सगळ्या प्रवासात हा मुक्काम सर्वांत आवडतो. पडलेलं ओळखायला शिकायचं म्हणून आधी उभ्याची वही भरायची, हे शहाणपण खात्यांना क्वचित सुचतं.

आता स्वित्झर्लंड. झुरिकजवळ बिरमेन्सडॉर्फ, जंगल आणि बर्फ यांवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था. ३ जानेवारी २०१८ ला बुरग्लिंड नावाचं वादळ येऊन गेलंय. तुम्ही एका संगणकासमोरच्या खुर्चीमागे उभे आहात. पडद्यावर सेंटिनेल-१ या रडार उपग्रहांची चित्रं, करड्या रंगाची, मीठ-मिरी भुरभुरल्यासारखी. आता परिस्थिती पालटलीय. या मालिकेतला पहिला उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये उडाला, दुसरा एप्रिल २०१६ मध्ये. दोघे मिळून दर सहा दिवसांनी तीच जागा त्याच कोनातून टिपतात, आणि चित्रं जगात कोणालाही फुकट. लहर मात्र तीच, दोन पेरांची.

वादळाआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवा. कुठे पडलंय जंगल? दिसत नाही ना? मलाही दिसलं नसतं. वर्तमानपत्रांत येतात ती लालभडक ठिपक्यांची चित्रं फार उशिरा तयार होतात आणि पाहणाऱ्याला उगाच खात्री देतात. खरा फरक अर्ध्या डेसिबलचा आहे. म्हणजे परतलेली लहर बारा टक्क्यांनी वाढते, बस. मोडक्या फांद्या, उघडी खोडं, उभी राहिलेली मुळांची ताटं असा सगळा राडा लहरीला जरा जास्त परतवतो. पण पानांवर पाऊस साचला तरी प्रतिसाद बदलतो. बर्फ ओला झाला तरी बदलतो. एका टिचकीवर फणस पिकलाय असं कोणी म्हणत नाही, तसंच इथेही.

म्हणून मारियस रुएत्ची, डेव्हिड स्मॉल आणि लार्स वाझर यांनी केलं ते असं: वादळाआधीची बरीच चित्रं घेतली, नंतरचीही बरीच, डोंगराच्या दोन्ही अंगांनी घेतलेली. आधीच्यांची सरासरी, नंतरच्यांची सरासरी. मीठ-मिरी एकमेकांत विरून गेली आणि अर्धा डेसिबल वर आला. २०१९ मध्ये त्यांनी छापलं की अर्धा हेक्टर किंवा त्याहून मोठा पडलेला तुकडा अशा रीतीने शोधता येतो.

तुम्ही ज्या प्रवासाला निघालात तोच धंदा हे रडार करतंय, हे लक्षात आलं ना? पुढे-मागे, पुढे-मागे. पडलेलं झाड त्याला दिसत नाही. काल इथे जो नाद होता तो आज नाही, एवढंच त्याला कळतं. कालचा नाद जपून ठेवलेला नसेल, तर आजचं महागातलं चित्रही मुकं.

डोंगरात हे आणखी अवघड. २९ ऑक्टोबर २०१८ ची रात्र, इटलीचा ईशान्य कोपरा, वाया वादळ. सुमारे ४२,५०० हेक्टर जंगल आणि पंच्याऐंशी लाख घनमीटर लाकूड एका संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत. त्यात पानेवेज्जोचं जंगल, जिथल्या स्प्रूसच्या फळ्यांतून व्हायोलिनं घडतात. स्ट्रादिव्हारीही लाकूड निवडायला इथे येत असे, असं लोक सांगतात. इथे रडारकडे तोंड केलेला उतार चित्रात दबून जातो आणि पाठीमागचा उतार अंधारात बुडतो. ज्या दरीत झाडं सगळ्यांत जास्त झोपली, तिथे काही जागी रडार आंधळं. इथे साध्या उजेडातल्या चित्रांनीच पुष्कळ काम केलं.

आणि आता घरी. ४ जून २०२०, श्रीवर्धन. काल दुपारी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्याला लागलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. तोंडाला मास्क, घरांवर कौलं नाहीत, पत्रे शेजारच्या आळीत. तुम्ही एका वाडीत उभे आहात. सुपाऱ्या मधोमध मोडल्यात, काडी मोडावी तशा, माड मुळासकट, कलमाचा आंबा विहिरीवर आडवा. घरच्या काकू वाट मोकळी करायला कोयता घेऊन लागल्यात.

“काकू, थांबा जरा. तलाठी येऊन बघू देत.”

“तो यायचा तेव्हा येईल. पाणी नको का काढायला विहिरीतलं?”

बरोबर आहे त्यांचं. आणि इथेच पुरावा नाहीसा होतो. पुढे वाद होणारच आहे की भरपाई हेक्टरामागे की झाडामागे. सुपारी हेक्टरात मोजली तर हातात काही येत नाही. धरायला लागलेलं एकेक झाड पाच-सात वर्षांचं असतं.

वर ढग आहेत आणि आठवड्याभरात पाऊस लागेल, म्हणजे कॅमेऱ्याचे उपग्रह ऑक्टोबरपर्यंत घरी. रडार मात्र इथूनही जातं. मग ते या वाडीचा पंचनामा का करत नाही? त्याचं उत्तर गुंठ्यात आहे. सेंटिनेल-१ च्या चित्रातला एक चौकोन दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. आपला गुंठा एकशे एक. जवळपास तंतोतंत एक चौकोन, एक गुंठा! पण स्विस मोजणीत भरवसा मिळाला तो अर्ध्या हेक्टरला, म्हणजे पन्नास गुंठ्यांना. काकूंची वाडी बारा गुंठ्यांची. त्यात माड, सुपारी, आंबा, फणस, केळी, जायफळ, मिरीचा वेल, सगळं एकात एक. अशा वाडीचा नाद मुळातच गुंतागुंतीचा, त्यात अर्धा डेसिबल कुठे शोधणार? सह्याद्रीच्या अंगावरचं एखादं मोठं जंगल झोपलं असतं तर रडारने सांगितलं असतं. बारा गुंठ्यांना तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यकच हवेत, वहीसकट.

३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार हा रडार उपग्रह उडाला. नाव निसर्गच्या जवळचं, हा योगायोग. नासाची चोवीस सेंटीमीटरची लहर, वीतभर आणि वर थोडं. शिवाय अहमदाबादच्या अवकाश केंद्राने घडवलेली तिच्या निम्म्याहून आखूड दुसरी. दर बारा दिवसांनी तो तुमच्या डोक्यावरून जातो, पावसात, रात्री, ढगाआडून, आणि उभ्या जंगलाची वही भरत राहतो. १९९८ ते २००६ सारखी खिंड आता सहसा पडणार नाही.

तुम्ही परत आलात. आज जी तारीख असेल ती. तुमची कोकणात वाडी असेल, बाग असेल, तर मे महिना उजाडायच्या आत एक काम करा. मोबाइल घेऊन वाडीत फिरा, उभ्या झाडांचे फोटो काढा, माड किती, सुपाऱ्या किती, मोजून लिहा. आणि ई-पीक पाहणीत ती झाडं सातबाऱ्यावर चढली आहेत का, ते एकदा उघडून बघा.